वडिलांची बंदूक मुलाने कर्नाटकात नेली तर?

दादरकर:
वडील दादरला, वय 72. बारा बोअरची दुनळी बंदूक आणि परवाना त्यांच्या नावावर. मुलगा खानापूर तालुक्यात ऊस करतो, रात्री रानडुकरं शिरतात. त्याला परवाना नाही. तीन महिन्यांपुरती बंदूक नेली आणि सोबत वडिलांच्या सहीचं पत्र ठेवलं तर चालेल का? विकायची नाहीये, घरातल्या घरातच आहे.

कलम_तीन:
नाही चालणार. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 2 मध्ये हस्तांतराच्या व्याख्येतच उसनं देणं, भाड्याने देणं आणि नुसता ताबा सोडणं येतं. परवाना माणसाचा असतो, घराण्याचा नाही.

सहीच्या पत्राची समजूत याच कायद्याच्या कलम 3 च्या परंतुकातून, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादातून, आलेली आहे. बिनपरवाना माणूस परवानाधारकाच्या समक्ष किंवा लेखी परवानगीने हत्यार नेऊ शकतो, पण दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा खुद्द परवानाधारकाच्या वापरासाठी. उसाची राखण मुलगा करणार, म्हणजे वापर त्याचा. पत्र तिथे निरुपयोगी. उलट वडिलांनी जाणूनबुजून ताबा दिला, याचा तो लेखी पुरावाच. मुलावर कलम 25(1ब) लागेल: 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 2 वर्षं, कमाल 5 वर्षं कैद आणि दंड.

बारबोअर:
वडील स्वतः घेऊन गेले तरी आधी परवान्यावरची क्षेत्राची नोंद वाचा. 'महाराष्ट्र' एवढंच असेल तर हद्द ओलांडण्यापूर्वी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेतून कर्नाटकासाठी मंजुरी घ्यावी लागेल.

आणि डुकराचं काय? त्याला वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 लागू आहे. बंदूक कायदेशीर असली तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय बार काढला की दुसरा गुन्हा. लोक हे हमखास विसरतात.

दादरकर:
मग सरळ मार्ग कुठला?

कलम_तीन:
शस्त्र नियम 2016 चा नियम 25. परवानाधारक 70 वर्षांचा झाला किंवा हत्यार 25 वर्षं बाळगून झालं, तर हयातीतच वारसाच्या नावे करता येतं. इथे वयाची अट पुरी आहे.

मुलाने राहत्या पत्त्याच्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावला, नमुना ए-1 मध्ये अर्ज करायचा. वय 21 पूर्ण हवं, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं, पोलीस पडताळणी होते. परवाना हातात येईपर्यंत बंदूक दादरलाच. आधी ताबा आणि मागून कागद, हीच नेहमीची चूक.

वारस सोडून इतर परवानाधारकाला देताना शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 प्रमाणे पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं. मुलाच्या बाबतीतही ती सूचना देऊन पोच घेतलेली बरी.

बारबोअर:
काडतुसंही तशीच, बरं का. बंदूक मुंबईत ठेवून डबा तेवढा पाठवला तरी तो बिनपरवाना ताबाच.