गाडीचे पैसे कार्डाने भरायचे का? घरच्या ग्रुपवरची चर्चा

दादा: गाडी ठरली. पैसे खात्यात तयार आहेत, कर्ज काढायचं नाहीये. विचार करतोय, सगळी रक्कम क्रेडिट कार्डाने भरावी आणि बिल आलं की एकदम फेडून टाकावी. कुणी केलंय का असं?

ताई: भर की! एवढे पॉइंट एका फटक्यात परत कधी मिळणार? विमानाची तिकिटं निघतील. शिवाय दीडेक महिना पैसे तुझ्याच खात्यात, त्याचं व्याज वेगळं.

मावशी: रंग कुठला घेतलास?

मामा: शोरूमवाला हो म्हणाला का ते आधी सांग. मी शोरूमचे हिशेब बघितलेत. कार्ड घासलं की पूर्ण रक्कम विक्रेत्याकडे येत नाही, मधे बँक आपला वाटा कापते. दीड-दोन टक्के सहज जातात. कपड्यांच्या दुकानाला ते परवडतं. नव्या गाडीत विक्रेत्याला सुटतातच मोजके टक्के, त्यातले दोन असे गेले तर तो काय करणार? म्हणून बुकिंगचे पैसे कार्डाने आनंदाने घेतात आणि बाकीच्या पैशांसाठी म्हणतात, बँकेतून ट्रान्सफर करा.

दादा: बरोबर ओळखलंत. तो म्हणतो, सगळं कार्डाने चालेल पण 2 टक्के जादा द्यावे लागतील.

ताई: मग दे की. पॉइंटमधून वसूल होतील.

मी: होतील का ते बघू. किंमत 100 धर. दादा भरणार 102. समजा कार्डावर 100 मागे 1 परत मिळतो. खात्यातल्या पैशांवर वर्षाला 4 टक्के व्याज धरलं तर दीड महिन्याचा होतो अर्धा. म्हणजे आले दीड, गेले दोन. आणि हा दीड महिनासुद्धा बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी कार्ड घासलं तरच. बिलाच्या आदल्या दिवशी घासलं तर हातात फक्त वीसेक दिवस.

ताई: माझ्या कार्डाला वर्षात ठरावीक खर्च झाला की फी माफ होते, वर बोनस. ते नाही धरलंस.

मी: ते धरायलाच हवं. पण मग तो टप्पा गाठायला जेवढे कमी पडतात तेवढेच कार्डाने भरायचे, अख्खी गाडी कशाला? बऱ्याच कार्डांवर महिन्याला मिळणाऱ्या पॉइंटनाही मर्यादा असते. ती संपली की पुढचा खर्च कोरडा. दादा, तुझ्या कार्डाचे नियम काढून वाच, जाहिरात नको वाचूस.

ताई: युरोपात म्हणे असं जादा घेताच येत नाही.

मामा: तिथे ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांवर दुकानदाराच्या बँकेने कार्डाच्या बँकेला द्यायचं शुल्कच 0.3 टक्क्यांवर बांधलंय, 2015 पासून. मग तिथल्या कार्डांना सढळ हाताने पॉइंट वाटणंही जमत नाही. पॉइंट काही बँकेच्या खिशातून येत नाहीत गं, याच कापलेल्या वाट्यातून येतात.

वहिनी: एक विचारू? आपण घराच्या कर्जासाठी अर्ज करणार आहोत ना लवकरच? त्याला काही अडचण?

मी: वहिनी, खरा प्रश्न तुम्हीच विचारलात. कार्डावर किती रक्कम बाकी आहे ते बँका ठरावीक दिवसांनी क्रेडिट ब्यूरोला, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला कळवतात. मर्यादेच्या 30 टक्क्यांपेक्षा जास्त वापर दिसला तर कर्ज देताना बँका बघतात तो क्रेडिट स्कोअर खाली येऊ शकतो, मग नंतर तुम्ही सगळं फेडणार असलात तरी. कार्ड घासल्यावर लगेच पैसे भरून टाकले तर हे बहुधा टळतं, पण मग ताईचं दीड महिन्याचं व्याजही गेलं.

मावशी: आणि शोरूमच बंद पडलं तर? माझ्या मैत्रिणीचे पैसे अडकले होते असेच.

मी: मावशी, तिथे मात्र कार्ड कामाला येतं. वस्तू मिळालीच नाही तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे परत मागता येतात, मुदतीत आणि कागदपत्रांसकट. खात्यातून थेट पाठवलेले पैसे असे परत ओढता येत नाहीत. ब्रिटनमध्ये तर 1974 च्या कायद्यातलं कलम 75 आहे. वस्तूची किंमत 100 पौंडांच्या वर आणि 30,000 पर्यंत असेल तर विक्रेत्याइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार, आणि नुसतं बुकिंग कार्डाने केलेलं असलं तरी पूर्ण किमतीसाठी. चार्जबॅक मात्र कार्डाने भरलेल्या रकमेपुरताच.

बाबा: एवढ्या भानगडी कशाला? कार्डावरच हप्ते करून घे.

मी: बाबा, हप्ते केले की प्रक्रिया शुल्क लागतं, बहुतेकदा व्याजही, आणि फिटेपर्यंत कार्डाची तेवढी मर्यादा अडकून राहते. आणि हप्ते न करता बिल अर्धंच भरलं तर काय होतं ते ऐका. दरमहा 3 टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, चक्रवाढीने वर्षाचे 42 च्या वर जातात. व्याज धरतात तेही खरेदीच्या दिवसापासून. शिवाय थकबाकी आहे तोवर नव्या खर्चालाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. कर्ज काढायची वेळ आलीच तर साधं वाहनकर्ज काढावं, ते याच्या निम्म्याहूनही स्वस्त पडेल.

दादा: कर्ज नाहीच. मग बुकिंग तेवढं कार्डाने, बाकी ट्रान्सफर?

मामा: हो. पण बुकिंगवर जादा शुल्क नाही हे लिहून घे. आणि बुकिंग रद्द केलं तर किती कापणार, तेही. पैसे कार्डावर परत आले की मिळालेले पॉइंट बँक काढून घेते, ताईला सांगून ठेव.

ताई: 😒

मी: बँकेलाही आधी कळव. अचानक मोठा व्यवहार दिसला की त्यांची यंत्रणा फसवणुकीचा संशय घेऊन कार्ड अडवते. मर्यादा शिल्लक असली तरी एका व्यवहाराची वेगळी मर्यादा ॲपमध्ये असू शकते, तीही बघ.

दादा: ॲपमध्ये ती फारच कमी दिसतेय. वाढवतो आत्ताच. मावशी, पांढरी घेतोय.