तझरिया-मेत्सोरा वाचताना झालेली चूक आणि पाराशातून बोध घेण्याची रीत

प्रश्न – निवृत्त शिक्षक, सोलापूर

नमस्कार. गेल्या वर्षापासून दर शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी पाच-सहा जण जमतात आणि तोरा या यहुदी धर्मग्रंथातील त्या आठवड्याची पाराशा, म्हणजे ठरलेला भाग, मराठीतून वाचतात. आमच्यापैकी कोणीही यहुदी नाही. दोघे वारकरी आहेत, एक जण वीरशैव असून वचनांचे जाणकार आहेत, एक निवृत्त ख्रिस्ती परिचारिका आहेत आणि शेजारच्या एक बाई आहेत. माझे एक बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, मित्र रेल्वेतून निवृत्त होऊन मुलांकडे इस्राएलला गेले, तेव्हा जाताना त्यांनी मला वर्षभराच्या पाराशांचा छापील तक्ता दिला. "एकट्याने वाचू नका, चार माणसांत वाचा," एवढेच त्यांनी सांगितले होते.

ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तोरेच्या पाच ग्रंथांचे ५४ भाग पाडलेले आहेत. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, सकाळी सिनेगॉग या यहुदी प्रार्थनास्थळात एकेक भाग वाचला जातो आणि सिम्हाथ तोरा या सणाच्या दिवशी शेवटचा भाग संपताच लगेच उत्पत्तीच्या पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात होते. यहुदी पंचांगातही आपल्या अधिक मासासारखा जादा महिना येतो. १९ वर्षांत असे ७ महिने धरतात. जादा महिना नसलेल्या वर्षी शनिवार कमी पडतात, म्हणून काही पाराशा जोडीने वाचाव्या लागतात. तझरिया आणि मेत्सोरा ही अशीच एक जोडी आहे.

उत्पत्तीत आम्हाला अडचण आली नाही. पलिष्ट्यांनी माती लोटून बुजवलेल्या बापाच्या विहिरी इसहाक पुन्हा उकरतो आणि त्यांना बापाने ठेवलेलीच नावे देतो. सोलापूरचे उन्हाळे काढलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. लेवीय ग्रंथ सुरू झाल्यापासून मात्र आम्ही चाचपडत आहोत आणि गेल्या शनिवारी माझ्या हातून एक चूक घडली.

तझरिया-मेत्सोरामध्ये त्वचेवर उमटणाऱ्या एका विकाराचे नियम आहेत. आमच्याकडच्या जुन्या मराठी भाषांतरात त्यासाठी 'महारोग' असा शब्द आहे. वाचनानंतर बोध सांगायचा म्हणून मी कुठेतरी वाचलेले निरूपण सांगितले, की दुसऱ्याची निंदा करणाऱ्याला हा विकार होतो असे यहुदी आचार्य मानत, तेव्हा आपण जीभ सांभाळावी. मला वाटले, बोध चांगला आहे. पण शेजारच्या ज्या बाई आमच्याकडे येतात त्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत कोड आहे. मी बोलत असताना त्यांनी पदर ओढून तो हात झाकून घेतला आणि नंतरच्या चर्चेत त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. चहाही न घेता निघाल्या. रात्रभर मला तो पदर दिसत राहिला.

माझे दोन प्रश्न आहेत. अशा भागातून बोध घ्यावाच का, आणि घ्यायचा तर कसा? दुसरे असे, की पुढे गणना ग्रंथात मोजदादी, भेटवस्तूंच्या याद्या आणि मुक्कामांची नावे येणार आहेत. तिथे बोध शोधणे म्हणजे आपलेच विचार मजकुरावर लादणे ठरत नाही का?

उत्तर – बेने इस्राएल वाचक, ठाणे

गुरुजी, आपला प्रश्न वाचून मी माझ्या वडिलांचे पुस्तक काढून बसले. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागल्यावर ते आम्हा भावंडांना पुढच्या दिवसाची पाराशा मराठीत सांगत. ही पाराशा आली की ते नेहमीपेक्षा हळू वाचत, कारण आमच्या नात्यातही एकाला कोड होते.

आधी मूळ मजकूर पाहू. लेवीय १३ मधील ३८ आणि ३९ ही वचने आपल्या वाचनात निसटली असावीत. पुरुषाच्या किंवा स्त्रीच्या त्वचेवर फिकट पांढरे डाग दिसले तर तो 'बोहाक' आहे आणि ते माणूस शुद्ध आहे, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. बोहाक म्हणजेच आजचे कोड, असा दावा मी करणार नाही, कारण इतक्या जुन्या शब्दाला आजच्या विकाराचे नाव चिकटवणे धोक्याचे आहे. त्याच कारणाने मूळ 'त्सारात' या शब्दासाठी 'महारोग' हा शब्द वापरणेही मला पटत नाही. आज ज्याला आपण कुष्ठरोग म्हणतो त्याच्याशी या अध्यायातली लक्षणे जुळत नाहीत. हा डाग कापडावर उमटतो, चामड्यावर उमटतो आणि घराच्या भिंतीवरही उमटतो. शिवाय १२ आणि १३ या वचनांत असे आहे, की पांढरेपणा डोक्यापासून पायांपर्यंत सगळ्या अंगावर पसरला तर ते माणूस शुद्ध ठरते. केवळ रोगाची भीती असती तर नियम याच्या उलट असता. डाग तपासणारा कोहेन, म्हणजे याजक, हा वैद्य नाही. तो औषध देत नाही. तो पाहतो, शंका असली तर सात दिवस थांबतो आणि पुन्हा येऊन पाहतो.

निंदेची गोष्ट तालमुद या यहुदी आचार्यांच्या चर्चांच्या ग्रंथातील आराखिन या भागात आहे, हे खरे. तिचा आधार गणना ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात सापडतो. लोकांना मिसरातून बाहेर काढणाऱ्या मोशेविरुद्ध त्याची बहीण मिर्यम बोलते आणि तिच्या अंगावर हा विकार उमटतो. पण त्याच तालमुदच्या बावा मेत्सियामध्ये शब्दांनी दुखावण्याचे प्रकार सांगितले आहेत. ज्याच्यावर दुखणे आले आहे त्याला, ईयोबाच्या मित्रांनी ईयोबाला ऐकवले तसे, 'तुझ्या पापामुळे हे झाले' असे बोलू नये, हा त्यांतलाच एक प्रकार आहे. ही दोन्ही वचने शेजारी ठेवली की वाट सापडते, असे मला वाटते. माझ्या अंगावर डाग उठला तर मी माझी जीभ तपासावी. दुसऱ्याच्या अंगावर उठला तर त्याच्या जिभेबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. वडील म्हणत, पाराशेचा बोध स्वतःच्या ताटात वाढून घ्यायचा असतो, दुसऱ्याच्या ताटात ढकलायचा नसतो.

मिर्यमच्या गोष्टीचा शेवटही जरूर वाचा. मोशे तिच्यासाठी प्रार्थना करतो आणि ती प्रार्थना हिब्रूत अवघ्या पाच शब्दांची आहे. तिला सात दिवस छावणीबाहेर राहावे लागते आणि ती परत येईपर्यंत लोक मुक्काम हलवत नाहीत. रानातला एवढा मोठा जमाव एका बाईसाठी सात दिवस थांबतो.

आमच्या घरातला सर्वांत आवडता भाग चौदाव्या अध्यायाच्या शेवटी आहे. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस डाग दिसला तर घरमालकाने कोहेनकडे जाऊन 'घरात डागासारखे काही दिसते आहे' असे म्हणायचे असते. मिश्ना हा यहुदी नियमांचा जुना संग्रह आहे. ती म्हणते, की माणूस स्वतः विद्वान असला आणि त्याची खात्री झाली असली तरी त्याने 'डाग आहे' असे म्हणू नये, 'डागासारखे' असेच म्हणावे. मग कोहेन पाहायला येण्याआधी घर रिकामे करायचे, कारण त्याने अशुद्ध ठरवले तर आतले सगळेच अशुद्ध होईल. मिश्ना विचारते, वाचवायचे तरी काय? धातूची भांडी तर पाण्यात बुडवून शुद्ध होतात. उरतात ती मातीची मडकी, सर्वांत स्वस्त, फुटली तरी कोणी हळहळू नये अशी. त्या मडक्यांसाठी तोरेने एक अख्खे वचन खर्च केले आहे. गरिबाच्या घरात मडके हीच मालमत्ता असते, हे सांगताना वडिलांचा आवाज बदलत असे.

आपण त्या बाईंकडे जाऊन ३८ आणि ३९ ही वचने त्यांना वाचून दाखवावीत, असे मला मनापासून वाटते.

उत्तर – यंत्रमाग कामगार, सोलापूर

गुरुजी, मी आपल्याच गावचा आहे. पूर्व भागात यंत्रमागावर माझी चाळीस वर्षे गेली. ताईंनी लिहिले त्यात भर घालण्याइतके माझे वाचन नाही, परंतु याद्यांविषयी एक गोष्ट सांगू शकतो.

गणना ग्रंथात 'नासो' नावाची पाराशा येते. तिच्यात १७६ वचने आहेत आणि सर्व पाराशांत ती सर्वांत लांब आहे. ती लांबण्याचे मोठे कारण सातव्या अध्यायात आहे. बारा वंशांचे बारा सरदार बारा दिवस ओळीने भेट आणतात. प्रत्येकाची भेट अगदी सारखी, म्हणजे १३० शेकेल वजनाचे चांदीचे ताट, ७० शेकेलचा चांदीचा कटोरा, १० शेकेलचे धूपाने भरलेले सोन्याचे पात्र आणि ठरावीक जनावरे. 'बाकीच्यांनीही तसेच आणले' एवढे एक वाक्य पुरले असते, तरी तोरेत ती यादी बाराही वेळा पूर्ण लिहिलेली आहे. प्रत्येक सरदाराच्या मनातला भाव वेगळा होता, असे मिद्राश, म्हणजे यहुदी आचार्यांचे जुने निरूपण, सांगतो.

मला हे मागाच्या खात्यात समजले. जकार्डचे पत्ते एकदा चढवले की बाराही मागांवर तीच नक्षी उतरते आणि गिऱ्हाइकाला बारा चादरी एकसारख्या दिसतात. परंतु कोणती चादर कोणाच्या मागावरची, हे मी किनारीवरून बोट फिरवून सांगत असे. एकाचा दोर कुठे तुटला आणि त्याने तो कसा जोडला, दुसऱ्याने घाई कुठे केली, हे सगळे कापडात राहते. मालकाच्या वहीत मात्र फक्त 'नग १२' असे असे. तोरेने तसे लिहिले नाही, प्रत्येकाचे नाव घेऊन त्याची भेट पुन्हा सांगितली, हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. हा अर्थ मी मजकुरावर लादला असेन तर जाणत्यांनी सांगावे.

उत्तर – हिब्रूचे अभ्यासक, पुणे

हा अर्थ लादलेला नाही. आपण आधी यादी पाहिली, ती बारा वेळा का लिहिली असा प्रश्न केला आणि मग अनुभवातून उत्तर शोधले. ही पुनरुक्ती मजकुरातच आहे, आपण ती बाहेरून आणलेली नाही. यहुदी परंपरेत 'पेशात' म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ आणि 'देराश' म्हणजे शोधून काढलेला अर्थ, असा भेद करतात. गुरुजींच्या बैठकीत पेशात पुरता होण्याआधीच देराश सांगितला गेला आणि तोही आयता, अशी माझी समजूत आहे.

अकराव्या शतकात फ्रान्समधल्या त्रॉय गावी होऊन गेलेले तोरेचे भाष्यकार राशी (१०४०–११०५) यांची रीत इथे उपयोगी पडते. नोहा 'आपल्या पिढीत' नीतिमान होता, असे वचन आहे. राशी सांगतात, की काहींनी 'आपल्या पिढीत' हे शब्द स्तुतीचे मानले, कारण वाईट लोकांत राहून तो चांगला राहिला, तर काहींनी ते उणेपणाचे मानले, कारण अब्राहामाच्या पिढीत त्याला कोणी विचारले नसते. दोन्ही अर्थ ते तसेच ठेवून देतात. आपल्या शनिवारी बोध सांगण्याची जबाबदारी एकाच माणसावर नसावी. दोघांनी दोन अर्थ सांगावेत आणि दोन्ही शब्दांना धरून असावेत.

मुक्कामांविषयी म्हणाल तर 'मासे' या पाराशेत मिसर देशापासून यार्देन नदीपर्यंतच्या ४२ मुक्कामांची नावे येतात. राशी तिथे मिद्राशातील एक दृष्टांत देतात. राजाचा मुलगा आजारी होता, म्हणून राजा त्याला बरे करण्यासाठी दूर घेऊन गेला. परतताना तो एकेक जागा दाखवत सांगू लागला, इथे आपण झोपलो, इथे आपल्याला थंडी वाजली, इथे तुझे डोके दुखले. यादी कोरडी दिसते, पण ती कोण कोणाला सांगतो आहे हे कळले की तिची चव बदलते. आपल्याकडचे वारकरी नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी ही नावे ज्या सुरात घेतात तो सूर त्यांना इथे ऐकू येईल आणि येऊ द्यावा. मात्र 'आपल्याकडेही हेच आहे' असे म्हणून तिथेच थांबू नये. वारी ठरल्या वाटेने दरवर्षी देवाकडे जाते. हे लोक ४० वर्षे रानात फिरले आणि निघालेल्यांतले बहुतेक पोहोचले नाहीत. हा फरक पुसला तर पाराशा हातातून सुटते.

एक व्यवहाराची सूचना करतो. शब्बाथला पाराशा सात जणांत वाटून वाचतात. आपण तेच सात भाग आठवड्याच्या सात दिवसांत घरी वाचावेत, म्हणजे शनिवारी बोलायला प्रत्येकाकडे स्वतःचे काही असेल. मूळ दोनदा आणि भाषांतर एकदा, असा जुना दंडक आहे. हिब्रू येत नसेल तर मराठीच दोनदा वाचावी.

प्रश्नकर्ते – सोलापूर

आपणा सर्वांचा ऋणी आहे. काल सकाळी मी शेजारच्या बाईंकडे गेलो. आधी क्षमा मागितली आणि मग ती दोन वचने वाचली. त्यांनी पुस्तक माझ्या हातून घेतले, चष्मा लावला आणि 'पुरुषाच्या किंवा स्त्रीच्या' हे शब्द बोट ठेवून स्वतः पुन्हा वाचले. "गुरुजी, हे त्याच दिवशी वाचायला हवं होतं," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे बरोबर आहे, कारण ती वचने त्याच पानावर होती.

पुढची जोडी अहारे मोत आणि कदोशीम ही आहे. तिच्यातच 'चहाड्या करीत फिरू नकोस' आणि 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' ही दोन्ही वचने एकोणिसाव्या अध्यायात दोन वचनांच्या अंतराने येतात. ती सुरू करण्याआधी या शनिवारी आम्ही भिंतीवरच्या डागाचा आणि मडक्यांचा भाग पुन्हा वाचणार आहोत. तो वाचायचे शेजारच्या बाईंनी स्वतःकडे घेतले आहे.