वजीर हातात असून अर्धाच गुण? स्टेलमेटचा नियम बदला राव

रंकाळ्याचा_वारा
रविवारी राजारामपुरीत भाच्याची बुद्धिबळाची स्पर्धा होती. पोरगं ९ वर्षांचं, शेवटची फेरी, ह्याच्याकडे वजीर आणि दोन प्यादी, समोरच्याकडे नुसता राजा. मी बाहेर चहा घेत घरी फोन करून सांगूनपण टाकलं जिंकला म्हणून, आणि आत येऊन बघतोय तर पोरगं रडतंय. समोरचा राजा कोपऱ्यात गेलेला, ह्यानं वजीर आणून घोड्याच्या चालीवर ठेवला, शह नाही पण राजाला हलायला एकपण घर नाही. स्टेलमेट. अर्धा गुण, बक्षीस गेलं. आता मला सांगा, ज्याच्याकडे काहीच उरलं नाही त्याला अर्धा गुण कशाबद्दल? समोरच्याला हलता येईना म्हणजे तो हरला, सरळ हिशोब आहे. हा नियम बदलायला पाहिजे, माझं स्पष्ट मत.

अडीच_घर
दादा, पोराचं वाईट वाटलं पण नियमाला शिव्या देऊ नका. खासबागेत एखाद्यानं दुसऱ्याला खाली दाबून धरला म्हणजे कुस्ती मारली होते का? पाठ लागायला लागते. मात म्हणजे चितपट, स्टेलमेट म्हणजे नुसतं दाबून धरलंय. वजीर असून मात करता आली नाही तर पूर्ण गुण कसला मागताय.

तांबडा_जास्त_घाल
मी धागाकर्त्याच्या बाजूनं. चिनी बुद्धिबळात, शियांगची म्हणतात त्याला, हलता आलं नाही की तो हरला, विषय संपला. आणि हे काय आपल्यासारख्या कट्ट्यावरच्याच डोक्यातलं नाही, इमॅन्युएल लास्कर, २७ वर्षं जगज्जेता होता, तो पण म्हणायचा की स्टेलमेट करणाऱ्याला बरोबरीपेक्षा थोडं जास्त द्या. निदान पाऊण गुण तरी द्या की राव.

जुना_पट
पाऊण गुण 😂 मग क्रॉसटेबल, म्हणजे गुणांचा तक्ता, लावायला सीए आणावा लागेल. आमचे आजोबा ह्याला 'जिच' म्हणायचे, डाव जिच झाला की पट उचलायचे आणि पुन्हा मांडायचे, भांडण नाही. आणि नियम उलटापण होता बरं का. इंग्लंडमध्ये १७व्या-१८व्या शतकात जो स्टेलमेट करायचा तोच हरायचा! तो नियम असता तर तुमच्या भाच्याला अर्धा सोडा, भोपळा मिळाला असता.

रंकाळ्याचा_वारा
भोपळा वगैरे बोलू नका, बहीण वाचते हे.

अडीच_घर
थट्टा जाऊ दे, नियम बदलला तर काय होईल ते बघा. राजा आणि एक प्यादं विरुद्ध नुसता राजा. आज काय होतं, बचाव करणारा प्याद्याच्या आडवा येऊन बसतो, प्यादं सातव्या ओळीत, मागं त्याचा राजा, आणि समोरच्याला चाल नाही, बरोबरी. ह्या एका गोष्टीवर शेवटाचा निम्मा अभ्यास उभा आहे, कुठला राजा समोर यायचा, कुणाची चाल, सगळं. स्टेलमेट जिंक धरलं की एक प्यादं जास्त मिळालं की संपलं, मग शिकायचं काय? साव्हेद्रा नावाच्या स्पॅनिश पाद्र्याची १८९५ ची ग्लासगोतली चाल बघा, प्यादं शेवटच्या घरात पोचतंय, त्याचा वजीर केला तर काळा हत्ती बळी देतो आणि मारला की स्टेलमेट, म्हणून वजीर न करता हत्ती करायचा आणि जिंकायचं. एवढी सुंदर चाल ह्याच नियमामुळं आहे. तुमचा पाऊण गुण आला की ती चाल गेली कचऱ्यात.

तांबडा_जास्त_घाल
सुंदर चाल वाचायला बरी वाटते, ज्याचा वजीर वाया गेला त्याला विचारा. १९६३ ला अमेरिकेत रेशेव्स्की नावाचा ग्रँडमास्टर जिंकत होता, घोडा जास्त, आणि समोरच्या एव्हान्सनं वजीर फुकट दिला, मग हत्ती शह देत सुटला, हत्ती मारला की स्टेलमेट, न मारला की शह चालूच. लोक त्याला शतकातली लबाडी म्हणतात आणि तुम्ही त्यालाच कला म्हणा.

अडीच_घर
रेशेव्स्कीसारखा माणूस फसतो म्हणजे बघायला कमी पडला. ह्यात नियमाचा काय दोष?

पेठेतला_उंट
पहिल्यांदाच लिहितोय इथं, लहान पोरांना शिकवतो. दोन्ही बाजू भांडू देत, पोराला हे सांगा. वजीर समोरच्या राजापासून अडीच घरांवर, म्हणजे घोड्याच्या चालीवर, ठेवत तो जाईल तिकडं मागं जायचं, हे बरोबरच आहे, त्याला हळूहळू कडेला ढकलता येतं. पण राजा कोपऱ्यात शिरला की तिथंच थांबायचं, त्या चालीवर वजीर गेला की स्टेलमेट, नेमकं तेच झालंय. वजीर शेजारच्या ओळीत जरा लांब ठेवायचा, म्हणजे राजाला कोपरा आणि त्याच्या बाजूचं घर अशी दोन घरं राहतात, येरझाऱ्या घालू दे त्याला. मग आपला राजा चालत जवळ आणायचा आणि मात. आणि चाल करायच्या आधी एक प्रश्न, 'आता हा कुठं जाणार?' उत्तर नाही आणि शहपण नाही, तर हात मागं घे.

रंकाळ्याचा_वारा
उंटराव, हे काल रात्री करून घेतलं त्याच्याकडून, पंधरा वेळा, मी नुसता राजा घेऊन बसलो होतो. नियम मला अजून पटलेला नाही, तो वेगळा विषय. पण नवीनच त्रास सुरू झालाय, पोरानं आता वजीर करायचंच सोडलंय, प्रत्येक प्याद्याचा हत्ती करतो, म्हणतो मामा हत्तीनं स्टेलमेट होत नाही.

पेठेतला_उंट
होतं की. समोरचा राजा कोपऱ्यात, हत्ती त्याला तिरका चिकटून, आणि हत्तीला आपल्या राजाचा जोर. मांडून दाखवा त्याला आज.