‘एक्स-मेन ’९७’: जेनोशाच्या राखेतला पत्ता आणि मृत्यूचा घोडेस्वार

बदामराणी

ज्यांनी ‘एक्स-मेन ’९७’ या अ‍ॅनिमेशन मालिकेच्या पहिल्या सीझनचा शेवट पाहिलेला नाही, त्यांनी कृपया पुढे वाचू नये. प्रश्न त्या शेवटाविषयीच आहे.

मे २०२४ मध्ये आलेल्या शेवटच्या भागात श्रेयनामावली सुरू झाल्यानंतर एक छोटेसे दृश्य येते. प्राचीन खलनायक अपोकॅलिप्स जेनोशाच्या, म्हणजे म्युटंटांच्या (जन्मजात शक्ती असलेल्या माणसांच्या) उद्ध्वस्त बेटाच्या, अवशेषांतून चालत असतो आणि राखेतून एक्स-मेन संघातल्या गॅम्बिटचा खेळातला पत्ता उचलतो; गॅम्बिट असे पत्ते शस्त्रासारखे फेकत असे. तेवढ्यावरून बहुतेक चाहत्यांनी निकाल लावून टाकलेला दिसतो: गॅम्बिट परत येणार आणि अपोकॅलिप्सचे हस्तक असलेल्या चार घोडेस्वारांपैकी ‘मृत्यू’ होऊन येणार. या तर्काला आधार आहे, हे मला मान्य आहे. २००६ साली कॉमिक्समध्ये गॅम्बिट खरोखरच ‘मृत्यू’ झाला होता. त्याची त्वचा काळी आणि केस पांढरे झालेले ते रूप अनेकांच्या लक्षात असेल.

माझी अडचण वेगळी आहे. कॉमिक्समधला गॅम्बिट तेव्हा जिवंत होता, आणि तो स्वतःच्या पायांनी अपोकॅलिप्सकडे गेला होता. आत राहून आपल्या लोकांवरचे संकट टाळता येईल, असा त्याचा हिशेब होता आणि तो चुकला. त्या कथेतली सगळी शोकांतिका त्या चुकलेल्या हिशेबात आहे. मालिकेतला गॅम्बिट मात्र पाचव्या भागात सेंटिनल या म्युटंट मारणाऱ्या महाकाय यंत्रमानवाला उडवताना मरण पावला आहे. मेलेल्या माणसाला कोणी विचारत नाही. मग त्याला नुसते उठवून उभे केले, तर ती २००६ ची कथा कशी राहील? आणि पाचव्या भागाच्या परिणामाचे काय होईल? जाणकारांनी मत द्यावे.

जुने_अंक

प्रश्न चांगला आहे, परंतु ही मालिका कॉमिक्सशी कशी वागते, ते आधी पाहावे लागेल. ती मूळ कथा क्रमाने सांगत नाही. मूळ कथेतला आघात ती जसाच्या तसा उचलते आणि तो करणारा हात किंवा तो सोसणारा माणूस बदलते. सायक्लॉप्सच्या छोट्या मुलाला, नेथनला, विषाणूची बाधा होते आणि त्याला भविष्यात पाठवावे लागते, हा प्रसंग १९९१ च्या अंकांतला आहे; तिथे ती बाधा अपोकॅलिप्सने केली होती, मालिकेत ती मिस्टर सिनिस्टर हा दुसरा खलनायक करतो. हवामानावर ताबा असलेल्या स्टॉर्मच्या शक्ती हिरावणारे शस्त्र मूळ कथेत रोग या नायिकेवर रोखलेले होते, इथे ते धातूंवर ताबा असलेल्या मॅग्नेटोवर रोखलेले आहे. दोन्हीकडे घाव मात्र स्टॉर्मवरच पडतो आणि त्या शस्त्रामागे फोर्ज या संशोधकाचेच डोके असते. जेनोशाचा संहार २००१ मधल्या ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांच्या अंकांतून आला. त्यात १ कोटी ६० लाख म्युटंट मारले गेले, पण गॅम्बिटचा त्या घटनेशी काही संबंध नव्हता. एमा फ्रॉस्ट मात्र हिऱ्याच्या रूपामुळे वाचते, हा तपशील मालिकेने न बदलता ठेवला. काय ठेवायचे आणि काय हलवायचे, याचा लेखकांनी बारकाईने विचार केला आहे, हे यावरून दिसते.

आता ‘मृत्यू’च्या जागेकडे वळू. कॉमिक्समध्ये या जागेवर आलेल्यांपैकी तिघे आपल्या कामाचे आहेत. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात वॉरन, म्हणजे एंजल, आपले पंख गमावून बसला आणि त्याला अपोकॅलिप्सने धातूचे पंख दिले. २००६ मध्ये गॅम्बिट. या दोघांच्या मधला तिसरा मात्र या चर्चेत कोणाच्याच बोलण्यात येत नाही, आणि तो म्हणजे वुल्व्हरिन. १९९३ मध्ये मॅग्नेटोने त्याच्या हाडांवरचे अभेद्य धातूचे आवरण, म्हणजे अ‍ॅडमँटियम ओढून काढले. त्यानंतर जवळपास सहा वर्षे तो हाडांच्या नख्यांनीच लढत राहिला. १९९९ मध्ये त्याला ते अ‍ॅडमँटियम परत मिळाले, पण दिले कोणी? अपोकॅलिप्सने, वुल्व्हरिन आणि त्याचा शत्रू सेबरटूथ यांची झुंज लावून, आणि ‘मृत्यू’ची जागा ही त्या विजयाची अट होती.

मालिकेच्या नवव्या भागात मॅग्नेटोने १९९३ चा तो प्रसंग जशाच्या तसा घडवला आहे. शेवटच्या भागाच्या अखेरीस संघ वेगवेगळ्या काळांत विखुरला जातो: एक्स-मेनचा संस्थापक झेवियर, मॅग्नेटो, रोग, बीस्ट आणि नाइटक्रॉलर प्राचीन इजिप्तमध्ये दिसतात, सायक्लॉप्स आणि जीन दूरच्या भविष्यात दिसतात. वुल्व्हरिन कोठे पोहोचला, ते दाखवलेलेच नाही. एका माणसाचा सांगाडा उघडा पडला आहे आणि दुसरा जेनोशात मारला गेला आहे. पत्ता उचलताना आपण सगळे पत्त्याकडे पाहत राहिलो, आणि हातचलाखी करणाऱ्याला नेमके तेच हवे असते. माझ्या मते ‘मृत्यू’ची जागा वुल्व्हरिनसाठी राखलेली असण्याची शक्यता निम्म्याहून कमी नाही.

निळी_फीत

वुल्व्हरिनचा मुद्दा कागदावर अचूक आहे, तरीही मला तो पटत नाही, आणि त्याचे कारण कॉमिक्समध्ये शोधण्याची गरज नाही. ते १९९२ ते १९९७ या काळातल्या मूळ मालिकेतच आहे. नवी मालिका स्वतःला तिचा पुढचा भाग मानते, त्यामुळे तिथे घडून गेलेल्या गोष्टींचे वजन जुन्या अंकांपेक्षा जास्त धरले पाहिजे.

मूळ मालिकेच्या पहिल्या सीझनमध्ये वॉरन ‘मृत्यू’ होतो, हे अनेकांना आठवत असेल. त्याला सोडवते कोण, याचा विसर पडला आहे. त्याला रोग सोडवते. तिच्या स्पर्शाने त्याच्यात भरलेले ते विष ती स्वतःत ओढून घेते. म्हणजे या मालिकेच्या विश्वात ‘मृत्यू’वर उतारा आहे, आणि तो रोगच्या उघड्या हातात आहे.

आता गॅम्बिट आणि रोग यांचे नाते आठवावे. ते सबंध नाते स्पर्श करता न येण्यावर उभे आहे. नव्या मालिकेत मॅग्नेटोला तिला स्पर्श करता येतो, गॅम्बिटला येत नाही, आणि त्यातूनच त्या तिघांमधली कोंडी तयार होते. पाचव्या भागाच्या अखेरीस ती त्याचे प्रेत मिठीत घेते आणि आपल्याला काहीच जाणवत नाही, असे म्हणते. तिचा स्पर्श समोरच्याचे प्राण ओढतो. इथे ओढायला काही उरलेले नाही, आणि तेवढ्याने तिला आणि आपल्याला कळते की तो गेला. इतक्या कमी शब्दांत मृत्यू सांगणारी ओळ मी अ‍ॅनिमेशनमध्ये क्वचितच ऐकली आहे.

अशी ओळ लिहिणारे लेखक गॅम्बिटला ‘मृत्यू’ करून परत आणतील, तर ते त्या स्पर्शासाठीच आणतील. ज्याला ती आयुष्यभर हात लावू शकली नाही, त्याला सोडवण्याचा एकमेव मार्ग हात लावणे हाच असेल. तो वाचेल की दुसऱ्यांदा, या वेळी तिच्याच हातून, जाईल, हे मी सांगू शकत नाही. पण वुल्व्हरिनला त्या जागी बसवले, तर यातले काहीही उरत नाही.

बदामराणी यांनी इच्छेचा प्रश्न विचारला आहे. २००६ च्या कथेत निवड गॅम्बिटची होती, हे खरे. इथे ती रोगकडे जाईल. जुने_अंक म्हणतात तसे, आघात तोच आणि सोसणारा वेगळा.

काटेकोर

रोग सध्या इजिप्तमध्ये आहे, सुमारे पाच हजार वर्षे मागे, आणि तिच्यासमोर जो तरुण एन साबा नूर उभा आहे तोच पुढे अपोकॅलिप्स होणार आहे. निळी_फीत यांचा तर्क सुंदर असला, तरी ही बाब त्यात आलेली नाही. झेवियरचा स्वभाव पाहता तो त्या तरुणाला सुधारण्याचा प्रयत्न करणार, हे उघड आहे. तो प्रयत्न यशस्वी झाला, तर अपोकॅलिप्सच उरत नाही, आणि मग जेनोशाच्या राखेतून पत्ता उचलायलाही कोणी उरत नाही. गॅम्बिटचे परतणे नूरच्या बिघडण्यावर अवलंबून आहे.

शिवाय व्यक्तिशः मला गॅम्बिट परत यायलाच नको आहे. कॉमिक्समध्ये मृत्यूला किंमत उरलेली नाही, ही तक्रार जुनीच आहे. पाचव्या भागाने ती किंमत परत मिळवून दिली होती.

बदामराणी

काटेकोर यांच्या मुद्द्याने माझा मूळ प्रश्नच बदलला. मी गॅम्बिटची संमती शोधत होते, आणि गाठ कदाचित रोगजवळ आहे. समजा, इजिप्तमध्ये नूरला वाचवणे शक्य आहे, आणि त्याच वेळी रोगला कोणत्या तरी मार्गाने कळते की हाच माणूस पुढे गॅम्बिटला उठवणार आहे. ती झेवियरला मदत करील का? तिने नुसते गप्प राहायचे ठरवले, तरी पुरे आहे.

जुने_अंक

करील, असे मला वाटत नाही. गॅम्बिट गेल्यानंतरच्या भागांत ती ज्या रीतीने वागली, ते पाहिले तर अजिबातच वाटत नाही. तिने संतापाच्या भरात एका माणसाला गच्चीवरून खाली पडू दिले आहे, आणि नंतर ती मॅग्नेटोच्या बाजूला गेली आहे. आणि इजिप्तमध्ये मॅग्नेटोही तिच्यासोबत आहे, हे विसरू नये. वुल्व्हरिनवरची माझी पैज मी मागे घेत नाही, फक्त ती निम्म्याहून थोडी खाली आणतो.