‘शुद्धीवर आले’ म्हणजे नेमकं काय? शुद्ध, जाग आणि भान

प्रश्न : मेंदूला जबर मार लागलेल्या रुग्णांवर मराठीत लेख लिहिते आहे. ‘कॉन्शसनेस’ला शब्द कोणता घ्यावा? शुद्ध, चेतना, जाणीव, भान? विचारण्याचं कारण घरचंच आहे. अपघातानंतर अकराव्या दिवशी मामाने डोळे उघडले. मामीने लगेच गावी फोन लावला, “हे शुद्धीवर आले हो!” डॉक्टर म्हणाले, अजून नाही. डोळे तर टक्क उघडे. कुणाला पटेना.

उत्तर : घोटाळा ‘शुद्ध’ या शब्दात आहे, कारण तो दोन गोष्टी एकदम सांगतो. डोळे उघडणं, झोपणं-उठणं ही ‘जाग’. ती मेंदूच्या बुंध्याच्या जोरावर येते. समोर कोण उभं आहे, आपण कुठे आहोत हे कळणं म्हणजे ‘भान’. त्याला वरच्या मेंदूचे आणि थॅलॅमसचे (मेंदूच्या मधोमध असलेल्या, संदेश पुढे पाठवणाऱ्या भागाचे) धागे शाबूत लागतात. कोमात दोन्ही नसतात. कोमा सहसा काही आठवड्यांत संपतो, डोळे उघडतात, पण भान मागोमाग येईलच असं नाही. ‘जागा होता, पण भानावर नव्हता’ असं आपण एरवीही म्हणतोच की! तुमच्या लेखाला हीच जोडी घ्या. ‘चेतना’ फार पुस्तकी वाटते.

उत्तर : आणि डोळे उघडे पण भान दिसत नाही, या अवस्थेला कृपा करून ‘वनस्पतिवत अवस्था’ लिहू नका. 1972 साली जेनेट आणि प्लम या डॉक्टरांनी ‘व्हेजिटेटिव्ह’ म्हटलं ते शरीराचे व्यवहार चालू आहेत एवढ्याच अर्थाने. मराठीत मात्र थेट झाडच झालं. नातेवाइकांसमोर हा शब्द उच्चारून बघा. हल्ल्यानंतर मेंदूला इजा झालेल्या मुंबईच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्याबद्दल ‘42 वर्षं कोमात’ असं सर्रास छापलं गेलं. त्यांच्याविषयीच्या 2011च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातलं वैद्यकीय वर्णन मात्र कोम्याचं नाही. ‘जाग आहे, भान दिसत नाही’ हे साधं आणि अचूक आहे.

उत्तर : त्यातलं ‘दिसत’ गाळू नका! 2006 साली केंब्रिजमध्ये मेंदूसंशोधक एड्रियन ओवेन यांच्या गटाने कसलाच प्रतिसाद न देणाऱ्या 23 वर्षांच्या तरुणीला एमआरआयमध्ये ठेवून सांगितलं, टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर. मग, घरातल्या खोल्यांतून फिर. धडधाकट माणसाच्या मेंदूचे जे भाग अशा वेळी कामाला लागतात, तेच तिचेही लागले. 2010च्या अभ्यासात अशाच एका रुग्णाने ‘हो’साठी टेनिस आणि ‘नाही’साठी घर डोळ्यांपुढे आणून वडिलांच्या नावाबद्दलच्या प्रश्नाला उत्तर दिलं. 2024च्या मोठ्या अभ्यासात, सांगितलेलं करताना न दिसणाऱ्या 241 जणांपैकी 60 जणांचा मेंदू आतून सांगितलेलं करत होता. म्हणजे चौघांत एक. ‘भान नाही’ असं लिहिलं, तर या साठ जणांविषयी आपण खोटं लिहू.

प्रश्नकर्ती : ‘जाग’ आणि ‘भान’ नक्की. ‘दिसत’ही राहील. चोविसाव्या दिवशी मामीने कानाशी जाऊन म्हटलं, “अहो, माझा अंगठा दाबा.” जरासाच दाबला. तिने हात सोडवून घेतला, पुन्हा दिला, पुन्हा सांगितलं. पुन्हा दाबला. मग गावी दुसरा फोन गेला : “आता ओळखलं मला.”