सीएमएल : सोकल एक सांगतो, ईएलटीएस दुसरंच, त्यात तीन महिन्यांचा रिपोर्ट १४ टक्के. मदत हवी आहे
नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाला (वय ३४, आम्ही भांडुपला राहतो) सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (रक्ताचा एक कर्करोग) निघालाय. इमॅटिनिब ४०० मिग्रॅ, रोज एक. उपचार परळला चालू आहेत. डॉक्टर नीट समजावतात, पण मला प्रश्न सुचतात ते घरी परतताना लोकलमध्ये.

औषध सुरू होण्याआधीचे आकडे : प्लीहा बरगडीखाली १० सेंमी (हाताने तपासून लिहिलेली, सोनोग्राफीतली लांबी नव्हे), प्लेटलेट ६ लाख ८० हजार, रक्तात ब्लास्ट (अपरिपक्व पेशी) ३ टक्के. सोकल आणि ईएलटीएस हे या आकड्यांवरून जोखीम सांगणारे दोन स्कोअर. कॅल्क्युलेटरवर सोकल आला १.१४, म्हणजे मध्यम जोखीम. तेच आकडे ईएलटीएसला दिले तर १.५३, म्हणजे कमी जोखीम. दोन्हीकडे विचारतात त्याच चार गोष्टी : वय, प्लीहा, प्लेटलेट, ब्लास्ट. मग निकालात फरक का? आईला अर्थातच कमीवालाच सांगितलाय.

वाचून एवढं कळलं की सोकल १९८४चा. तेव्हा इमॅटिनिब नव्हतं, बुसल्फान आणि हायड्रॉक्सीयुरियावर भागवायचे. ईएलटीएस २०१६चा, इमॅटिनिबने उपचार झालेल्या रुग्णांवरून काढलेला, आणि तो फक्त सीएमएलमुळे होणाऱ्या मृत्यूचा अंदाज देतो. म्हणजे आज ईएलटीएसच धरायचा ना?

खरी धास्ती वेगळीच आहे. तीन महिन्यांचा बीसीआर-एबीएल (आजाराचं जनुक रक्तात किती उरलंय ते सांगणारी तपासणी) १४ टक्के आलाय, आंतरराष्ट्रीय स्केलवर (वेगवेगळ्या लॅबचे आकडे एका मापात आणणारी पट्टी). तो १० किंवा त्याखाली हवा होता. पहिली तपासणी दुसऱ्या लॅबची, तिच्यावर स्केलचा उल्लेखच नाही. त्यामुळे किती वेगाने उतरला तेही कळत नाही. स्कोअर म्हणतो बरं आहे, रिपोर्ट म्हणतो नाही. मानायचं कुणाचं? गोळी बदलतील का?

प्रतिसाद :
मी डॉक्टर नाही, काकांच्या आजारपणात शिकलो तेवढं सांगतो. हो, ईएलटीएस धरा. पण कुठलाही स्कोअर पहिल्या दिवशीचा अंदाज असतो. गोळी सुरू झाली की रिपोर्टचं पारडं जड. तीन महिन्यांना १०च्या वर म्हणजे 'वॉर्निंग'. युरोपियन ल्युकेमियानेट या तज्ज्ञगटाच्या २०२०च्या शिफारशींप्रमाणे एक ते तीन महिन्यांत परत तपासून पुन्हा १०च्या वर आलं, तर 'फेल्युअर' म्हणतात. तपासणी आताच्याच लॅबमध्ये करा. म्युटेशन टेस्टबद्दलही (त्या जनुकातले बदल शोधणारी तपासणी) विचारा, कारण पुढची गोळी त्यावर ठरते. टी३१५आय हे म्युटेशन निघालं तर डॅसॅटिनिब, निलोटिनिब या गोळ्या चालत नाहीत. पुढची उद्दिष्टं : सहा महिन्यांना १ टक्का, वर्षाला ०.१.

आणि हे सगळ्याच्या आधी : गोळ्या चुकतात का? आई समोर नसताना विचारा.

धागाकर्ता :
विचारलं. रात्रपाळीच्या आठवड्यात मळमळतं म्हणून गोळी राहते, म्हणे. राहते म्हणजे बऱ्याचदा. डॉक्टरांना त्याने हे सांगितलेलंच नाही! सोमवारी मी बरोबर जातोय. जेवणासोबत आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यायची हे पाकिटावर आहेच, पण रात्रपाळीवाल्याचं जेवण नेमकं कुठलं धरायचं? इथे कुणी पाळीत काम करून इमॅटिनिब घेतं का? कोणत्या वेळेला घेता?