मदत हवी आहे : हायब्रिड कार्यशाळेतला आवाज आणि प्रमाणपत्रं

पुढच्या महिन्यात विभागाची कार्यशाळा आहे. सभागृहात 60 जण, झूमवर दीडशेच्या आसपास. (मोफत खात्यात 100 जण आणि 40 मिनिटं एवढंच चालतं, ती लायसन्सची सोय झाली आहे.)

अडलंय ते आवाजात. ऑनलाइन वक्ते बोलले की त्यांचाच आवाज त्यांना परत ऐकू जातो, कारण लॅपटॉपचा आवाज मिक्सरमधून फिरून पुन्हा झूममध्ये शिरतो. झूमला मिक्सरच्या ऑक्समधून (मुख्य स्पीकरपेक्षा वेगळं मिश्रण बाहेर काढायची वाट) आवाज द्यायचा आणि त्या ऑक्सवर लॅपटॉपच्या चॅनेलची नॉब शून्यावर ठेवायची, इथवर कळतं. पण ऑक्सची वायर थेट लॅपटॉपच्या माइक जॅकमध्ये घातली की आवाज फाटतो; मिक्सरमधून येणारा लाइनचा सिग्नल माइकच्या जॅकला फार जड पडतो. लाइन इनपुट असलेला, स्वस्त पण भरवशाचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (मिक्सरचा आवाज यूएसबीने लॅपटॉपला देणारा डबा) कोणता घ्यावा? की अॅटेन्युएटरवर (सिग्नल कमी करणारा छोटा जोड) भागेल?

दुसरं, प्रमाणपत्रं. फीडबॅक फॉर्मवरून गूगलच्या स्क्रिप्टने (आपोआप मेल पाठवणारा छोटा प्रोग्रॅम) पाठवायची आहेत, पण साध्या जीमेल खात्यातून स्क्रिप्ट दिवसाला 100 जणांनाच मेल पाठवते. विद्यापीठाच्या गूगल वर्कस्पेस (संस्थांसाठीच्या) खात्यावरून कुणी एकाच दिवसात दोनशे पाठवली आहेत का? स्पॅममध्ये किती गेली? फॉर्ममध्ये चुकलेले ईमेल पत्ते आधीच कसे गाळता?